नाना आणि दोन नळ्यांचं मशीन

आमच्या शेजारच्या नानाला कॉफी करायची असली की तो आधी डोक्याला गोधडी गुंडाळायचा. मग ओट्यावरच्या मशीनला दुरून हात जोडायचा, मागं मागं सरकत बाहेरच्या खोलीत यायचा आणि दाराच्या आडून जाळी काढायच्या बांबूनं बटन दाबायचा. बटन लागलं की बांबू टाकून जो पळायचा तो थेट अंगणात. तिथं मान वाकडी करून ऐकत उभा. मशीन आधी नागासारखं फुसफुसायचं, मग मालगाडीच्या इंजिनासारखं किंचाळायचं. ते गप झालं की नाना देवाचं नाव घेत आत जायचा.

इतकं भ्यायचं तर घेतलं कशाला, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच. "भरोसा नही, भो."

हे दोन शब्द त्याला सगळीकडं चालायचे. नाना मूळचा साक्रीकडचा. सरकारी कचेरीत शिपाई म्हणून जळगावला आला आणि इथलाच झाला, पण बोली पक्की अहिराणीच राहिली. लग्न केलं नाही. का, तर भरोसा नही. जळगावचा मे महिना, अंगाची काहिली होते, आणि हा छताचा पंखा चालू करून खाट लांब कोपऱ्यात ओढायचा. पंखा रिकाम्या फरशीला वारा घालायचा, नाना कोपऱ्यात पुठ्ठ्यानं. "डोकावर पडना ते?" सायकल घेतली होती, ती हातानं ढकलत न्यायचा. रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी रुळाला कान लावूनच ओलांडायचा.

तरुणपणी त्याच्या खोलीत स्टोव्हचा भडका उडाला होता. भिवया जळाल्या, बाकी काही नाही. भिवया परत आल्या, पण नानाच्या घरात काडी काही पुन्हा पेटली नाही. जेवणाचा डबा खानावळीतून. देवापुढं दिव्याच्या जागी लाल बल्ब. आणि चहा आमच्याकडून.

मी उलटा माणूस. चौथीत शाळा सुटली ती सुटली. सारी जिंदगी फैजपूरहून केळी भरून दिल्लीला ट्रक नेला. घाटात ब्रेक गेले तरी घाम फुटला नाही. नानाला मी तोंडावर भित्रा म्हणायचो. माझी बायको, गिरजा, मला गप करायची. म्हणायची, "त्यांना निदान कशाची भीती वाटते ते माहीत तरी आहे. तुम्हाला तेही नाही."

रोज चार वाजता ती आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर नानाचा कप ठेवायची आणि बशीवर चमचा वाजवायची. टिण टिण टिण. मला माझा कप तिथंच. भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं नाना, उभ्यानं प्यायचो. तो फुंकून फुंकून, जीभ भाजेल म्हणून. कोणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. नाना कप घासून त्यात काहीतरी घालूनच द्यायचा. कढीपत्ता, एखादं लिंबू, काही नसलं तर जास्वंदीचं फूल. ते फूल गिरजा केसात माळायची नाही, देवाला वाहायची. पण खूश व्हायची.

गिरजा गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि गेली. त्यावर मी काय लिहू. पाहुणे गेले, पोरी आपापल्या सासरी परतल्या, मी दार लावून बसायला लागलो. भीती काय असते ते तेव्हा समजलं. सकाळ कशीतरी जायची. चार वाजत आले की उठून दाराची कडी पुन्हा तपासायचो.

असाच एकदा बसलो होतो आणि बशीवर चमचा वाजला. टिण टिण टिण.

तोच आवाज. खाटेला घट्ट धरून बसलो. बऱ्याच वेळानं खिडकी किलकिली करून पाहिलं. भिंतीवर कप, निळ्या फुलांचा, गिरजाचा. तिनं दिलेल्या शेवटच्या चहाचा कप नानाकडंच राहिला होता. त्यातून वाफ निघत होती. आणि भिंतीपलीकडं गोधडी गुंडाळलेलं एक डोकं. ते पाहून मी आणखीच भ्यालो. मग नाक दिसलं, तेव्हा कळलं की नाना आहे. तरी खिडकी लावून घेतली. त्या कपाला हात लावायची हिंमत नव्हती.

नानाचा भाचा जहाजावर नोकरीला. त्यानं मागं कधी मामाला विजेवर चालणारं कॉफीचं मशीन आणून दिलं होतं. छोटंसं, एका वेळी एकच कप करणारं. नानानं ते खोक्यातच खाटेखाली ठेवलं होतं, वर दगड ठेवून. आता त्यानं दगड काढला होता. रोज चमचा वाजायचा. मी रोज आत. कप थंड व्हायचा, नाना घेऊन जायचा.

दिवाळीच्या आधी त्याच्या दारात रिक्षातून भलं मोठं खोकं उतरलं. छोटं मशीन कमी पडत होतं म्हणे. आता मोठं. सगळी गल्ली जमली. मी खिडकीतून पाहत होतो. बुलेटच्या टाकीसारखं चकचकीत, खाली दोन नळ्या, बाजूला वाफेची तोटी, आणि मधोमध घड्याळासारखा काटा.

समोरची पुष्पाअक्का म्हणाली, "नाना, कापसाच्या जिनिंगचा बॉयलर घरात कशाला आणला?"

"कॉफीनं शे, अक्का."

"कॉफीला काटा कशाला लागतो?"

"तो लालवर गया का पळानं."

"कोणी पळायचं?"

"बठ्ठासनी." सगळ्यांनी, म्हणजे.

त्या दिवसापासून चार वाजले की गल्लीतल्या बाया लेकरांना घरात ओढायच्या. अक्का माझ्या दाराशी येऊन ओरडून गेली, "आबा, समजवा त्याला. एक दिवस फुटेल ते, आणि तो एकटाच मरून पडेल आत!"

ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. एक माणूस नुकतंच घालवलं होतं. भिंतीपलीकडचाही गेला तर? मशीन किंचाळायला लागलं की मी कान झाकायचो, पण चमचा वाजेपर्यंत श्वास सोडायचो नाही. आधी ज्या आवाजाला भ्यायचो, त्याचीच वाट पाहायला लागलो. तो वाजला म्हणजे नाना आहे.

आणि एक दिवस तो वाजला नाही.

फुसफुस झाली. किंचाळी झाली. मग धाडकन आवाज आला, पत्र्यावर नारळ पडावा तसा. मग काहीच नाही. मी चमच्याची वाट पाहिली. नाही. अनवाणी बाहेर पडलो. या वयात ती भिंत कशी ओलांडली ते मला विचारू नका, धोतर मात्र फाटलं.

आत पाहतो तो छतावर कॉफीचा काळा चिखल, फरशीवर चिखल, मशीनला कॉफीची पूड भरून लावायचा दांडा निसटून कोपऱ्यात. नाना कुठं दिसेना.

"नाना! ए नाना!"

खाटेखालून बारीक आवाज आला. "आबा, मी जित्ता शे का?"

"मेला असता तर बोलला असता का?"

"त्याना काय भरोसा?"

पाय धरून बाहेर ओढला. कुठं भाजलं नव्हतं, खरचटलंही नव्हतं. मला इतका राग आला की आईबहिणीवरून शिव्या दिल्या. म्हटलं, "काडी पेटवायला भेतोस, आणि हे भूत घरात? छोटं होतं ना एक?"

"त्याम्हा एकच कप व्हस. दुसरा व्हस तवलगून पहिला थंडा व्हई जास. मंग संगे कसं पिवानं?" त्यानं गोधडीनं नाक पुसलं. "वहिनीना कप मनाकडे राही गया. रिकामा कसा देऊ?"

मी ओट्याकडं पाहिलं. दोन कप शेजारी शेजारी मांडलेले. एक निळ्या फुलांचा.

"पण भीती वाटते ना तुला?"

"वाटसच. पन चार वाजतस, भिंत सुनी राहस. ती भीती याना पेक्षा मोठी शे."

मी दांडा उचलून पाहिला. ट्रकच्या माणसाला समजायला वेळ लागला नाही, नीट आवळलाच नव्हता. आवळताना हात भाजेल म्हणून. मी तो आवळून बसवला. नानानं गोधडी गुंडाळली, बांबू उचलला. बांबूचं टोक इतकं हलत होतं की बटन सापडेना. मी मागून बांबू धरला. दोघांनी मिळून बटन दाबलं आणि दोघंही अंगणात पळालो.

भिंतीपाशी उभं राहून प्यालो, अलीकडं मी, पलीकडं तो. कडू जहर होती. सगळी संपवली.

निळ्या फुलांचा कप घेऊन मी घरात आलो. घासला, पुसला. मग फळीवरचा साखरेचा डबा खाली काढला. गिरजा गेल्यापासून त्याला हात लागला नव्हता, झाकण घट्ट बसलं होतं. कप काठोकाठ साखरेनं भरला, भिंतीवर नेऊन ठेवला आणि बशीवर चमचा वाजवला.