पद्माक्कांची दुसरी पोळी

पद्माक्का पुस्तक वाचत नसत, पुस्तकाशी भांडत. पानभर वाचलं की "ह्ये कुणी सांगितलं ह्याला?" असं लेखकाला खडसावत आणि मगच पान उलटत. ते भांडण कॅसेटवर जसंच्या तसं उतरे, आणि त्याच कॅसेटी ऐकून मी बी.ए.चा अभ्यास करत असे.

मला जन्मापासून दिसत नाही. जतहून सांगलीला कॉलेजात आलो तेव्हा ऑफिसातले साहेब म्हणाले, "अरे, एसटीडी बूथ टाक. बी.ए. कशाला?" मी हट्टानं फी भरली. प्रवेश मिळाला खरा, पण पुस्तकं सगळी डोळसांची! खणभागात माझ्या खोलीसमोर पद्माक्का एकट्या राहत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. माझी अडचण कळली तशा म्हणाल्या, "टेप आण. मी वाचते. घसा रिकामाच हाय माझा."

त्यांनी वाचलेलं मी दुसऱ्या दिवशी दुपारी वॉकमनवर पडल्या पडल्या ऐकायचो. अर्थशास्त्रामागून पोपट ओरडायचे, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची. सेल उतरले की अक्कांचा आवाज जाड, लांब होत जायचा आणि राष्ट्रीय उत्पन्न कृष्णेच्या पाण्यासारखं संथ वाहू लागायचं. मला धड झोप नसायची, धड जाग नसायची. त्या गुंगीत लेखकाचं काय आणि अक्कांचं काय, वेगळं राहायचंच नाही.

त्यातूनच घोटाळा झाला. घटत्या उपयोगितेचा सिद्धांत म्हणजे एकच वस्तू खात गेलं की दुसऱ्या खेपेला समाधान कमी. ते वाचताना अक्का उसळल्या होत्या, "दुसरी पोळी कमी लागती म्हणं! माझ्या हातची खाल्लेली न्हाई ह्या बाबानं." सहामाहीला मी लेखनिकाला उत्तर सांगितलं, ते त्या पोळीसकट. पेपर परत देताना सरांनी विचारलं, "हे कुठल्या अर्थतज्ज्ञाचं मत?"

"खणभागातल्या, सर."

वर्ग खो खो हसला. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "मार्क कापलं व्हय? मास्तर बिनपोळीचा दिसतोय."

अक्का जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणजे जेवायचं. "थांब रं, जेवून घेते," असं टेपला सांगून त्या बटण दाबत. शेवटच्या वर्षी, शेवटच्या पेपरच्या आदल्या दुपारी मी शेवटची कॅसेट लावली, तर बटण दाबायचं राहून गेलेलं.

ताट वाजलं. तांब्या वाजला. मग अक्का बोलू लागल्या, पण पुस्तकातलं नव्हे.

"आज आमटीत गूळ जास्त पडलाय रं. बोलू नगंस, ऐकतोस तेवढं लय झालं."

त्या टेपशी बोलत होत्या. रोजच बोलत असणार. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पेपर संपल्यावर कशाला येशील तू? त्या दिवशी पुरण घालीन म्हणते. पण खाणार कोण?"

तीन वर्षं मी त्यांचा घसा वापरला, आणि त्यांच्या समोरच्या पाटावर मात्र टेप बसत होता!

दुसऱ्या दिवशी पेपर सुटला. मित्र सिनेमाला ओढत होते. मी काठी टेकत थेट खणभागाकडं निघालो. ऊन गालावर होतं तोवर पोचायचं होतं. मध्येच गाल गार पडला, तसा एका भाजीवालीला घाबरून विचारलं, "मावशी, दिवस मावळला का हो?"

"न्हाई रं लेकरा, झाडाची सावली हाय."

अक्कांच्या दारातच वेलदोड्याचा वास आला.

"पुस्तक आणलंस?" आतून आवाज.

"न्हाई अक्का. जेवायला आलोय."

मग पाट सरकला, ताट आलं. पहिली पोळी मी तुपात बुडवून संपवली. दुसरी वाढताना अक्कांनी दरडावलं.

"सांग आता. कमी लागती व्हय?"

"आवं अक्का, जास्त लागतीय."

"ऐकलंस का रं बाबा?" अक्कांचा आवाज अर्थशास्त्राचं पुस्तक ठेवलेल्या कोपऱ्याकडं वळला, आणि त्यांनी मला तिसरी वाढली.