कांबळे सिस्टरांचा राउंड

सकाळी राईत शिरल्या शिरल्या कांबळे सिस्टर पहिल्या ओंडक्यापाशी वाकतात आणि विचारतात, "काय, रात्री झोप लागली का?" ओंडका उत्तर देत नाही. सिस्टरांचीही तशी अपेक्षा नसते. त्या पिशवीतून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला दांड्याचा छोटा आरसा काढतात, ओंडक्यावर उगवलेल्या अळंबीच्या छत्रीखाली सरकवतात, आतल्या पाकळ्या न्याहाळतात आणि म्हणतात, "चढउतार आहे." मग पुढच्या पेशंटकडे.

ही राई म्हणजे विश्रांतवाडीच्या कडेला वनखात्यानं कुंपण घालून राखलेला झाडीचा तुकडा. थोडे शिरीष, थोडे कडुनिंब, बाकी सगळी उंदीरमारीची झाडं. मला डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय म्हणून मी तिथे जातो, एरवी झाडांचं आणि माझं काही देणंघेणं नाही. माझा जन्म बुधवार पेठेतला. तिथे हिरवं म्हणजे भाजीवालीच्या टोपलीत असेल तेवढंच. निवृत्त झालो, मुलानं इकडे फ्लॅट घेतला आणि समोरच्या दारात कांबळे सिस्टर निघाल्या.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या. पुरुषांचा एक अख्खा वॉर्ड त्यांनी आयुष्यभर सांभाळला. लग्न केलं नाही. "वेळ कुठे होता?" असं म्हणतात आणि विषय बंद करतात. आवाज कधी चढत नाही, पण त्यांनी "बसा" म्हटलं की माणूस बसतो, आणि कुठे दुखतंय तेही न विचारता सांगून टाकतो. आमच्या हिचं ब्लडप्रेशर त्या जिन्यातच नुसतं तोंड बघून सांगतात. मशीन नंतर तेवढंच दाखवतं, म्हणून मशीन आता कपाटात आहे.

या बाईंना बुरशीचा नाद कसा लागला, तेही सांगतो. एका कॉलेजच्या मॅडमनी राईतल्या बुरश्यांची पाहणी काढली. कुठे काय उगवतं, कधी उगवतं, फोटो काढून कळवायचं. पहिल्या रविवारी आमचं अख्खं प्रभात मंडळ लोटलं, कारण नंतर मिसळ होती. दुसऱ्या रविवारी मिसळ नव्हती. तेव्हापासून पाहणी म्हणजे कांबळे सिस्टर. आणि त्यांच्या मागे दहा पावलांवर मी, कारण माझा गुडघा त्याहून भरभर चालत नाही.

पाहणी हा शब्द त्या वापरत नाहीत. त्या राउंड म्हणतात. मळलेली एकच वाट, त्याच क्रमानं तेच ओंडके. नवीन काही उगवलं तर ते 'अॅडमिट'. वाळून गेलं तर 'डिस्चार्ज'. उपटायचं काही नाही, हात लावायचा नाही. कोणी उत्साही माणूस मोबाईल घेऊन जवळ आला की वळूनही न बघता म्हणतात, "नातेवाईक बाहेर थांबा." तो बिचारा खरंच थांबतो. मी तर दोन वर्षं बाहेर थांबलोय.

घरी त्यांचा वेगळाच कारभार. एखादी छत्री आपण होऊन गळून पडली तर ती घरी येते, कागदावर पालथी ठेवली जाते आणि वर झाकण म्हणून वाटी. सकाळी तिच्यातली पूड कागदावर पडून सुंदर नक्षी उमटते, तिच्या रंगावरून जात ओळखतात म्हणे. एकदा आमची ही विरजण मागायला गेली. ओट्यावर पालथी वाटी दिसली. आपलंच घर समजून तिनं ती उचलली आणि किंचाळली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "हळू. पेशंट झोपलाय." त्या दिवसापासून आमच्याकडे दही विकत येतं.

पण खरी गंमत नावांची. मॅडम फोटो बघून लॅटिन नाव कळवतात, ते सिस्टर मुकाट्यानं पिशवीतल्या वहीत उतरवून घेतात आणि मला म्हणतात, "हे झालं आडनाव. हाक कशानं मारायची?" मग त्या नाव ठेवतात. उंदीरमारीच्या फांदीवर कानाच्या पाळीसारखी मऊ तपकिरी बुरशी येते, ती रखमाजी. शिरीषाच्या बुंध्यावर फळीसारखी आडवी, टणक, वर्षानुवर्षं हलत नाही ती, गुरुजी. बोट लावलं की धूर सोडणारा गोल गोळा तो दगडू. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, एखादीला तरी बाईचं नाव द्या." त्या म्हणाल्या, "माझा वॉर्ड पुरुषांचा होता." मी हसलो. त्या हसल्या नाहीत, पण त्या तशाही फारशा हसत नाहीत.

या सगळ्यांत लाडका बबन. बबन बुरशी नाही. मॅडम त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात. ना झाड, ना प्राणी, ना बुरशी. कधीकाळी पडलेल्या एकुलत्या आंब्याच्या कुजक्या ओंडक्यावर पावसाळ्यात तो दिसतो. पातळ पिठलं सांडावं तसा पिवळाधमक, आणि गंमत म्हणजे चालतो. आज ओंडक्याच्या या टोकाला, उद्या वीतभर पलीकडे. सिस्टर काडी टेकवून खूण करून ठेवतात आणि सकाळी बघून म्हणतात, "बबन उठून चाललाय बरं का." एवढ्या समाधानानं तर माझा मुलगा पहिल्यांदा चालला तेव्हा मीही बोललो नव्हतो. पाऊस सरला की बबन वाळतो, आक्रसतो, सालीच्या भेगेत पापुद्रा होऊन बसतो. मी म्हटलं, "गेला." सिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नकळत चप्पल काढली. "गेला नाही. झोपलाय. ओल मिळाली की उठेल. तोपर्यंत कोणी हलवायचं नाही."

आता ढमाले अण्णांची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं त्यांनी केलं, आणि तेही प्रेमानं केलं, हीच तर पंचाईत. अण्णांचं हार्डवेअरचं दुकान आहे, प्रभात मंडळाचे ते अध्यक्ष. भला माणूस. फक्त रिकामी जागा दिसली की त्यांना बाक सुचतो आणि झाडाचं खोड दिसलं की गेरू आणि चुना.

सिस्टरांना पंचाहत्तरावं लागणार होतं. दिवाळीनंतर त्या भाचीच्या मुलीच्या लग्नाला सोलापूरला गेल्या. अण्णांना हीच वेळ साधायची होती. मी तेव्हा गुडघ्यात इंजेक्शन घेऊन घरात पडलेलो. मला पत्ता नव्हता. नाहीतर आडवा पडलो असतो, पण होऊ दिलं नसतं.

सिस्टर परत आल्या त्या सकाळी मी काठी घेऊन मागे निघालो. राईत वळलो आणि दोघेही थबकलो. जमीन झाडून लख्ख. पालापाचोळ्याचा मागमूस नाही. प्रत्येक खोडाला खाली गेरू, वर चुना, अगदी गुरुजींनासुद्धा गेरूचा पट्टा. नवा सिमेंटचा बाक, त्यावर रंगवलेलं, 'सिस्टरांचा कोपरा'. आणि समोर अख्खं मंडळ, शाल, नारळ, पेढ्यांचा पुडा. टाळ्या झाल्या.

"सरप्राइज हाय, सिस्टर," अण्णा म्हणाले. "तुम्ही रोज त्या घाणीत वाकायच्या, आम्हाला बघवत नव्हतं."

सिस्टरांनी शाल घेतली. नारळ घेतला. पेढासुद्धा खाल्ला. मग आंब्याच्या ओंडक्याच्या जागी गेल्या. तिथे ओल्या मातीत नुसता लांबट खड्डा होता, खराट्याचे ओरखडे असलेला.

"बबन कुठंय?" त्या म्हणाल्या.

"कोण बबन?" अण्णा म्हणाले. मंडळात एक बबनराव होते, त्यांनी हात वर केला.

मी ओंडक्याचं सांगितलं. अण्णांचा चेहरा उजळला. "ते होय. टाकून नाय दिलं आम्ही. काल संध्याकाळी टेम्पोत घालून स्मशानात दिलं. तेवढंच पुण्य, म्हटलं सिस्टरांच्याच नावानं."

मी सिस्टरांना राईत कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. राउंडला बसायचं नसतं असं त्या म्हणायच्या. त्या दिवशी त्या बाकावर बसल्या, मांडीवर नारळ. अण्णा त्यांच्याकडे बघत होते. आपण काय केलंय हे त्यांना कळलं नव्हतं, पण काहीतरी केलंय हे कळलं होतं. पेढ्याचा पुडा त्यांनी हळूच बंद केला.

मग सिस्टर उठल्या. "टेम्पो आहे का अजून?"

टेम्पो होता. पुढे ड्रायव्हर आणि सिस्टर, मागे हौद्यात अण्णा आणि मी, माझा गुडघा आणि चुन्याची अर्धी बादली.

स्मशानात लाकडांची वखार एका बाजूला असते. ओंडके रचलेले होते, काही फोडलेले. वखारीवरच्या माणसाला अण्णांनी काय हवंय ते सांगितलं, तेव्हा त्यानं आधी ते दारू प्यायलेत का हे पाहून घेतलं. "इथनं परत न्यायला आजवर कोणी आलं नाही," तो म्हणाला.

सिस्टर तोवर ढिगाशी पोचल्या होत्या. एकेका ओंडक्यावरून हात फिरवत, सालीच्या भेगा बघत चालल्या होत्या. हाताची सवय वॉर्डातलीच असणार. ओंडका सापडला. कडेचा एक ढलपा कुऱ्हाडीनं निघाला होता, बाकी शाबूत. त्यांनी आरसा काढला, भेगेत धरला. आत पिवळट, वाळका पापुद्रा होता.

"आहे," त्या म्हणाल्या.

वखारीवरचा माणूस जवळ आला. नावनोंदणीच्या सवयीनं असेल किंवा चेष्टेनं असेल, म्हणाला, "ताई, हा तुमचा कोण लागतो?"

सिस्टरांनी मान वर केली. "मी नातेवाईक आहे," म्हणाल्या. "मी न्यायला आलेय."

तो चेष्टा करत असेल तर ती तिथेच थांबली. ओंडका जड होता. अण्णा, मी, ड्रायव्हर आणि तो, अशा चौघांनी खांदा दिला. आत येणारी एक तिरडी दारात थांबली. आम्ही चौघं खांद्यावर ओझं घेऊन बाहेर निघालोय हे बघून त्या लोकांनी काय समजून घेतलं देव जाणे, पण टोप्या काढून वाट दिली.

परतताना सिस्टर आमच्याबरोबर मागे बसल्या, ओंडक्यावर हात ठेवून. आळंदी रस्त्याला नेहमीसारखी गाड्यांची कोंडी होती. मी विचारलं, "सिस्टर, बबन कोण?"

"बांधकामावरून पडलेला होता," त्या म्हणाल्या. "पोलिसांनी आणला. बोलायचा नाही, डोळा उघडायचा नाही. केसपेपरवर लिहिलं होतं, अनोळखी पुरुष. रोज अंग पुसायचं, कूस बदलायची, तर काहीतरी हाक मारायला नको? बबन म्हणायचे मी. महिना झाला, कोणी आलं नाही. सगळे म्हणायचे, सिस्टर, तो गेल्यातच जमा आहे. एके दिवशी मी बबन म्हटलं आणि त्यानं बोट हलवलं. मी दोन दिवस रजेवर होते, बहिणीचं लग्न होतं. परत आले तर पलंग रिकामा. पांढरी चादर घातलेली, फरशी पुसलेली. माझ्याच वॉर्डातल्या पोरी, मी शिकवलं होतं तसं सगळं लख्ख केलेलं. बेवारस म्हणून स्मशानात नेलासुद्धा होता. न्यायला कोणीच नव्हतं."

"रखमाजी? गुरुजी?" मी विचारलं.

"सगळे अनोळखीच," त्या म्हणाल्या. "पुष्कळ झाले हो. त्यांचं तरी दुसरं कोण होतं?"

अण्णांनी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहिलं. मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं मी त्या नावांना हसत होतो आणि त्या मला हसू देत होत्या.

ओंडका जागेवर ठेवला, त्याच खड्ड्यात, तेच अंग वर करून. अण्णांनी पोत्यांतून पालापाचोळा परत आणला आणि स्वतः पसरला. खोडांवरचा गेरू त्यांनी भिजवून ब्रशनं खरवडला. गुरुजींचा मात्र राहिला, तो निघत नाही. उन्हाळाभर अण्णा रोज तांब्याभर पाणी ओंडक्यावर शिंपायचे. सिस्टर म्हणायच्या, "पुरे, न्युमोनिया होईल त्याला." उरलेलं पाणी अण्णा स्वतः प्यायचे.

आषाढ गेला. राईत छत्र्या उगवल्या, रखमाजी आले, दगडू आला. ओंडका तपकिरी तो तपकिरीच. सिस्टर रोज आरसा धरायच्या आणि पुढे जायच्या. "चढउतार आहे" हेसुद्धा म्हणेनात. अण्णांनी फिरायची वेळ बदलली. त्यांना त्या ओंडक्यासमोरून जाववत नव्हतं.

श्रावणात एका सकाळी मी नेहमीसारखा दहा पावलं मागे होतो. सिस्टर ओंडक्यापाशी वाकल्या होत्या आणि उठतच नव्हत्या. मला वाटलं, चक्कर आली. मी पुढे झालो आणि सवयीनं थांबलो.

"अण्णांना फोन लावा," सिस्टर वळून न बघता म्हणाल्या. मग जरा बाजूला सरकल्या, ओल्या पाल्यावर हातानं माझ्यासाठी जागा केली.

"आणि तुम्ही बाहेर काय उभे? या आत. नातेवाईकांची वेळ झाली."

मी गुडघ्याची पर्वा न करता खाली बसलो. कुऱ्हाडीचा घाव होता, त्याच्या कडेनं, बोटाएवढा, पिवळाधमक, बबन चालायला लागला होता.