मुर्नीबाईंची गादी

इंडोनेशियातल्या सेमारंग बंदरात ज्याच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही असा एकच अधिकारी आहे. आत्मस्तुती मला आवडत नाही, म्हणून त्याचं नाव हरदोयो एवढंच सांगतो. कस्टममधला वर्गीकरण-गुप्तहेर. हे पद सरकारने निर्माण केलेलं नाही. सरकारला सुचतं कुठे?

त्या शुक्रवारी पांढऱ्याशुभ्र, मऊ गुंडाळ्या आल्या. वर लिहिलेलं, 'भट्टीच्या अस्तराचं उष्णतारोधक सिरॅमिक'.

"सिरॅमिक म्हणजे बशी," मी सहायक पर्योनोला म्हणालो. "बशीची घडी होते का?"

"नाही, साहेब."

"मग ही गादी. जकात चुकवायला सिरॅमिक झालीय."

माल मुर्नीबाईंचा. त्या काशाच्या घंटा ओततात. "साहेब, जुनं अस्तर गळून पडलंय. भट्टी थंड आहे. आज माल सुटला नाही तर माझे कारागीर सोमवारी शेजारच्या कारखान्यात दिसतील."

"गुन्हेगार नेहमी घाईत असतो," मी पर्योनोच्या कानात म्हणालो, बाईंना ऐकू जाईल अशा बेताने.

गादीची कसोटी एकच. जेवण झाल्यावर मी गुंडाळी उलगडली, लवंगी सिगारेट पेटवली आणि तपासासाठी आडवा झालो. तपास लांबला.

जाग आली ती पाठीच्या खाजेने. "अंगात वारा शिरला," मी निदान केलं. त्यावर आमच्याकडे उपाय ठरलेला. पर्योनोने रीतसर तेल लावून नाण्याने पाठ खरवडली. खाज दुप्पट झाली. म्हणजे गादीत ढेकूण. म्हणजे गादी वापरलेली. गुन्ह्याचं एक कलम वाढलं.

इतक्यात मुर्नीबाई आत आल्या. मी उघडा, पालथा. त्यांचं लक्ष मात्र गुंडाळीकडे. माझी सिगारेट तिच्यावर पडून जळून संपली होती. खाली डागही नव्हता.

"कापूस असता तर साहेबांना सुपात भरून घरी पाठवावं लागलं असतं," त्या म्हणाल्या.

"ओला कापूस असेल."

"आणि ढेकूण नाहीत ते. तंतू टोचतायत. आम्ही हातमोज्यांशिवाय याला शिवत नाही. यावर झोपलेला माणूस आजच पाहिला."

मी बधलो नाही. बड्या साहेबांपुढे ठामपणे 'गादी' म्हणालो.

"गादी कशावरून?"

"स्वतः प्रयोग केला, साहेब."

"कसला प्रयोग? कधी?"

पर्योनो खिडकीबाहेर बघू लागला. माझा मेंदू विजेसारखा चालला. गादी असेल, तर मी कामाच्या वेळात झोपलो होतो. मी कामाच्या वेळात झोपत नाही. म्हणून ती गादी नव्हे.

"सिरॅमिक आहे, साहेब. शंकाच नको."

शिक्का बसला. ट्रक फाटकाबाहेर पडताना मुर्नीबाईंनी काच खाली केली.

"पुढच्या खेपेला भट्टीच्या विटा येतायत, साहेब. उशाला बघा जमतात का."