थेंबांची दुरुस्ती आणि हिरवा दिवा

कोणतीही गोष्ट केव्हापासून आहे हे कळल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. पातेल्यातले दूध केव्हापासून आहे, पाहुणे घरात केव्हापासून आहेत, साहेब खुर्चीत केव्हापासून आहेत, हे ठाऊक असले की माणूस त्या बेताने वागतो.

आमच्या कार्यालयात हे तत्त्व मनोभावे पाळले जाते. आम्ही प्रोग्रॅमिंगची लायब्ररी बनवतो. (पुस्तकांची नव्हे. "मासिकं ठेवता का हो?" असे माझी सख्खी जाऊ अजून विचारते.) ही म्हणजे तयार हिशेबांची पेटी. ज्याला जो हिशेब हवा त्याने तो उचलावा, स्वतःचे डोके शिणवू नये. प्रत्येक हिशेबाच्या माहितीत एक टीप असते: 'आवृत्ती अमुकपासून'. आपल्याकडच्या आवृत्तीत तो हिशेब आहे की नाही, हे वापरणाऱ्याला त्यावरून कळते.

पूर्वी या टिपा माणसे लिहीत. कुणी शेजारची उतरवून काढी, कुणी अंदाजाने ठोकून देई. एकाने तर 'बहुतेक पाचपासून' असे लिहिले होते. प्रामाणिकपणाचा एवढा अतिरेक संस्थेला परवडत नाही. म्हणून टिपा तपासणारे यंत्र बसवले.

यंत्र नेमाचे पक्के आहे. चहाला उठत नाही, 'असू द्या हो, एवढ्या वेळेला' असे म्हणत नाही. टीप बरोबर असली की हिरवा दिवा, नसली की लाल. लाल दिवा लागला की काम बाहेर जात नाही. टिपेच्या वरचा हिशेब बरोबर आहे का, हे ते पाहत नाही. (ते त्याचे काम नव्हे. ते कुणाचे काम आहे हे ठरवायला समिती नेमली आहे.) यंत्र आल्यापासून चुकीच्या टिपा शंभर टक्के घटल्या. चुकीच्या हिशेबांची आकडेवारी ठेवण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

अशा सुखाच्या दिवसांत आमची पेटी वापरणाऱ्या एका रुग्णालयातून फोन आला. नवजात बाळांच्या कक्षातल्या मोठ्या सिस्टर बोलत होत्या. फोन ताईंनी घेतला. ताई म्हणजे आमच्या सर्वांत जुन्या प्रोग्रॅमर. साहेबांसकट सगळे त्यांना ताईच म्हणतात.

"अहो ताई, तीन किलोच्या आतलं बाळ असलं की तुमचा हिशेब सलाईनचे थेंब जास्त सांगतोय. आमच्या पोरी हाताने गणित मांडून घेतात. पण एखादी नवी असली आणि तिने पडद्यावरचा आकडा खरा मानला, तर?"

ताईंनी जेवणाच्या सुट्टीआधी चूक शोधली, दुरुस्ती केली आणि खाली टीप लिहिली: 'आवृत्ती ८.४ पासून'. लाल दिवा.

यंत्र दोन फेऱ्यांत तपासते. पहिल्या फेरीत, टिपेतली आवृत्ती आज अस्तित्वात असली पाहिजे. भविष्यकथन चालत नाही. दुसऱ्या फेरीत, टीप नव्या आवृत्तीशी जुळली पाहिजे. आणि संस्थेचा याच महिन्यातला नवा नियम असा की एक अक्षर बदलले तरी नवी आवृत्ती धरायची. ताईंनी ८.४ लिहिले, तोवर ८.५ झाली होती. त्यांनी ८.५ लिहिले, त्या लिहिण्यानेच ८.६ झाली. आधीच एक पुढचा आकडा लिहून पाहिला, तर यंत्राने त्यांना भविष्यकथनाबद्दल समज दिली. बुधवारपर्यंत लायब्ररी ८.३१ वर पोचली. आत काडीचाही बदल नव्हता. विक्री विभागाने प्रगतीच्या या वेगाबद्दल ताईंचे अभिनंदन केले.

ताई साहेबांकडे गेल्या. "साहेब, यंत्र बाजूला ठेवून एकदाच पाठवू या का? बाळांचा प्रश्न आहे."

"ताई, आज तुमच्यासाठी बाजूला ठेवलं, तर उद्या प्रत्येकाला बाळ आठवेल."

हे म्हणणे बिनतोड होते. पण साहेब दयाळू आहेत. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "आकड्यावरच अडतंय ना? मग आकडा लिहिताच कशाला? लिहा, 'पुढच्या आवृत्तीपासून'."

"पण दुरुस्ती याच आवृत्तीत आहे, साहेब."

"तुम्ही दिवा बघा."

दिवा हिरवा लागला. आकडाच नाही म्हटल्यावर चुकणार काय? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत लायब्ररीतल्या यच्चयावत हिशेबांना हीच टीप लागली, आणि यंत्राला प्रथमच थोडी विश्रांती मिळाली.

नवी आवृत्ती रुग्णालयात पोचली. तिथला संगणकवाला आमच्यासारखाच नियमाने चालणारा. त्याने टीप वाचली, थेंबांचा जुना हिशेब तसाच चालू ठेवला आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहू लागला. पुढची आली. तिच्यातही 'पुढच्या आवृत्तीपासून' असेच होते. तो आणखी वाट पाहू लागला.

ताईंनी त्याला स्वतः फोन केला. "दादा, आलीये हो दुरुस्ती. तीच आहे. चालू करा."

"ताई, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण टीप तपासून आलीये. तुम्ही तपासून आलेल्या नाही."

ताईंनी फोन ठेवला. मोठ्या सिस्टर मात्र अजून दर सोमवारी फोन करून विचारतात, "आली का हो ती पुढची?" आणि आम्ही खोटे न बोलता सांगतो, की येणार आहे.

तरी ज्या वाचकांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, त्यांचे संस्थेतर्फे आगाऊ अभिनंदन. आपल्या सोयीसाठी सर्व टिपा तपासलेल्या आहेत. बाळाचे वजन जन्मतः तीन किलोच्या वर राहील, एवढे फक्त आपण पाहावे. त्यानंतर काही कमीजास्त झाल्यास दिवा हिरवा होता, याची कृपया नोंद घ्यावी.