सलग सात उलट्या

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी प्राथमिक शाळेच्या फाटकातून एक रुग्णवाहिका आत शिरली. तिच्या मागे चौदा पालक धावत होते. सगळ्यांच्या पुढे, काखेत जलसंजीवनीच्या पुड्यांचं खोकं घेऊन, औषधाच्या दुकानाचे मालक होते. त्या वेळी शाळेत एकही मूल आजारी नव्हतं.

औषधवाले तसे थंड डोक्याचे गृहस्थ. निदान ते स्वतः तरी असं रोज सांगत. त्याच दिवशी सकाळी, बायको ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस परगावी निघाली तेव्हाही त्यांनी सांगितलं होतं.

"अहो, पाच वाजता निवड आहे," बायको चपला घालता घालता म्हणाली. "आंतरशालेय नाचाची. गेल्या वर्षी भिंगरी शेवटच्या उडीला पडली आणि यादीतून गेली. वर्षभर घाम गाळलाय पोरीने. तुम्ही पाचला जायचं, कोपऱ्यात बसायचं. बाकी काही करायचं नाही."

"एवढंच? अगं, वीस वर्षं गल्ल्यामागे उभा आहे मी! समोर माणूस चक्कर येऊन पडला तरी मी आधी चिठ्ठी वाचतो, मग माणूस उचलतो!"

"तेच म्हणतेय मी. काही उचलायला जाऊ नका."

भिंगरी म्हणजे त्यांची तिसरीतली मुलगी. जमिनीवर दोन पाय एकाच वेळी टेकलेत असं तिला फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून हे नाव. शाळेत शनिवारी दुपारी वर्ग नसत. मैदानावर अर्ध्यात स्काउट, अर्ध्यात फुटबॉल आणि वरच्या मजल्यावरच्या सभागृहात नाच. भिंगरी नाचात.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी औषधवाल्यांच्या फोनवर नाचाच्या बाईंचा निरोप आला.

"सहा जणींच्या उलट्या झाल्या. भिंगरीच्या सलग सात!!! पाचच्या आधी या."

आता इथे 'भिंगरीच्या' लिहिलं होतं, 'भिंगरीला' नव्हतं. व्याकरणाकडे जरा लक्ष दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण औषधाच्या दुकानात उलट्या या शब्दाचा अर्थ एकच असतो, आणि त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं असतील तर विचारायलाच नको! औषधवाल्यांनी गिऱ्हाइकाची खोकल्याची बाटली गिऱ्हाइकाच्या हातातून परत काढून घेतली आणि फोन लावला. पलीकडे ढोलाचा दणदणाट चालू होता.

"बाई, कधीपासून?"

"जेवणानंतर सुरू झाल्या! आधी एकेक, मग लागोपाठ!"

"रंग कोणता?"

"हिरवा! कडेला थोडा पिवळा."

औषधवाल्यांनी गल्ला घट्ट धरला. "आणि बाकीच्या मुली?"

"हिचं बघून त्यांनाही यायला लागल्या. एकीचं झालं की दुसरीला राहवतच नाही!"

"साथ," औषधवाले पुटपुटले.

"हो ना, काय मस्त साथ देताहेत एकमेकींना!"

"तुम्ही काय दिलंत त्यांना?"

"टाळ्या! आणि खाली जाड गादी घातलीय."

"भिंगरी शुद्धीवर आहे ना?"

"काय? ऐकू येत नाहीये! खुशीत आहे, खुशीत! अजून तीन करते म्हणतेय!"

फोन कट झाला. मुलगी बरळायला लागली होती!

शेजारच्या दुकानातले शिंपीकाका गळ्यात टेप घेऊनच धावत आले. ते औषधवाल्यांना 'डॉक्टर' म्हणत, आणि औषधवाल्यांनी ते कधीच दुरुस्त केलं नव्हतं.

"डॉक्टर, माझी नात पण नाचात आहे! काय झालं?"

"धीर धरा. उलट्यांची साथ. हिरवट-पिवळी."

"हिरवट-पिवळी?" शिंपीकाकांनी तिथल्या तिथे पायरीवर बसकण मारली. वास्तविक नाचाचे पोशाख त्यांनीच शिवले होते. हिरवे, कडेला पिवळी पट्टी. पण भीती माणसाच्या डोक्यात शिरली की बाकी सगळं बाहेर फेकते. त्यांना फक्त नात दिसत होती.

तीन पन्नासला औषधवाल्यांनी पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला: "शाळेत उलट्यांची साथ. कुणीही घाबरू नये." दोन मिनिटांत ग्रुपवरचं एकूण एक माणूस घाबरलं. एका आईने विचारलं, फुटबॉलवाल्यांनाही होते का? एका वडिलांनी कळवलं की त्यांच्या मुलाने काल रात्री दूध नको म्हटलं होतं, तेव्हाच त्यांना शंका आली होती. तीन पंचावन्नला औषधवाल्यांनी रुग्णवाहिका बोलावली. "किती रुग्ण?" पलीकडून विचारलं. "सध्या सात," औषधवाले शांतपणे म्हणाले. "वाढताहेत."

आणि चार वाजून दहा मिनिटांनी सगळे फाटकातून आत शिरले ते थिजूनच गेले.

मैदानावर नऊ मुलं आडवी पडली होती. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात झोळीत, एकाच्या कपाळावरून लाल ओघळ!

"अहो डॉक्टर," शिंपीकाकांचा आवाज फाटला, "तुम्ही तर नुसत्या उलट्या म्हणाला होतात!"

एवढं बोलून ते मटकन मातीत बसले. त्याबरोबर तीन छोटे स्काउट धावत आले, त्यांनी शिंपीकाकांना अलगद निजवलं आणि एकाने त्यांच्या पायाला पट्टी गुंडाळायला घेतली.

"अरे, पाय सोड, मला काही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात," स्काउट म्हणाला. "हलू नका आजोबा, गाठ सैल पडते."

औषधवाले एका आडव्या मुलीजवळ वाकले. "बाळ, काय होतंय?"

मुलीने डोळे न उघडता, ओठ न हलवता उत्तर दिलं. "काका, मी बेशुद्ध आहे. मार्क जातील."

स्काउटची प्रथमोपचाराची परीक्षा चालू होती. लाल ओघळ शाईचा होता. स्काउटचे सर शिट्टी वाजवत, हातवारे करत हेच सांगत येत होते. पण शिट्टी तोंडात ठेवून माणूस काय सांगतो ते कळत नाही. तोवर रुग्णवाहिकेतल्या दोघांनी त्या बेशुद्ध मुलीला उचलून आत ठेवलंही! ती तरीही डोळे उघडेना. अशी निष्ठा सरांनी नोकरीत कधी पाहिली नव्हती. गाडी फाटकाबाहेर पडली आणि सर शिट्टीसकट तिच्यामागे धावले. (चार पस्तीसला दोघं परत आली. मुलीला पैकीच्या पैकी मिळाले.)

औषधवाले मात्र तेव्हा जिना चढत होते. खोकं काखेत, भरपेट जेवण पोटात, डोक्यात फक्त भिंगरी! त्यांनी सभागृहाचं दार धाडकन उघडलं.

"सुलटी!" नाचाच्या बाई ओरडल्या, आणि हिरव्या-पिवळ्या पोशाखातल्या सात मुली पुढे कोलांटल्या.

"उलटी!" बाई ओरडल्या, आणि सातही जणी मागे कोलांटल्या. सहा जणी थांबल्या. सातवी थांबेना. ती उलटी होत होती, सुलटी होत होती, पुन्हा उलटी होत होती.

"भिंगरी! थांब! आडवी हो!"

आठ वर्षांच्या मुलीने हवेत असतानाच बापाकडे पाहिलं, दोन्ही पायांवर नीट उतरली आणि म्हणाली, "बाबा? अजून पाच कुठे वाजलेत!"

औषधवाल्यांना सगळा उलगडा एकदम झाला. उलगडा, दोन जिने, ऊन आणि गरगर फिरणारी मुलगी, सगळं त्यांच्या पोटात एकत्र आलं. दोन पावलं पुढे टाकून ते गादीवर वाकले.

त्या दिवशी शाळेत झालेली ती एकमेव. आणि या वेळी व्याकरणही बरोबर होतं: औषधवाल्यांना उलटी झाली.

मुलींपैकी कुणीतरी विचारलं, "बाई, हे पण निवडीत आहे?"

गादी धुवावी लागली. ओली गादी वापरता येईना, आणि गादीशिवाय उडी मारायची नाही हा शाळेचा नियम. पाहुण्या निवडकर्त्या बरोबर पाचला आल्या. सहा वाजता त्यांना दुसऱ्या शाळेत पोचायचं होतं, थांबायला वेळ नव्हता.

"गादी का नाही?" त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापिकांनी औषधवाल्यांकडे पाहिलं. "एका पालकांचा सहभाग जरा जास्त झाला," त्या म्हणाल्या, आणि औषधवाल्यांची रवानगी बाहेर व्हरांड्यात झाली.

शेवटी स्काउटनी स्ट्रेचरवरची सगळी कांबळी आणून अंथरली. एकावर एक, चार थर. औषधवाले खिडकीच्या गजांना नाक लावून उभे. शेजारी शिंपीकाका, एका पायाला पट्टी तशीच.

भिंगरीने सुरुवात केली. एक. दोन. तीन. चौथ्या उलटीला वरचं कांबळं सरकलं. तिचा पाय वीतभर घसरला. औषधवाल्यांचं तोंड उघडलं आणि शिंपीकाकांनी टेपेसकट हात त्यावर दाबला.

"डॉक्टर, शपथ आहे तुम्हाला. एक शब्द नाही!"

भिंगरीने तोल सावरला. पाच. सहा. मग तिने सरकलेल्या कांबळ्याकडे पाहिलं, एक क्षण थांबली, आणि सातवी केली. उतरताना एक हात जमिनीला टेकला की टेकला नाही, हे खिडकीतून नीट दिसलं नाही. शिंपीकाका म्हणतात, नाही टेकला. औषधवाल्यांनी तेवढ्यात डोळे मिटले होते.

निवडकर्त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "यादी सोमवारी अकरा वाजता फलकावर लागेल," एवढंच म्हणून त्या गेल्या.

घरी येताना भिंगरी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालली. रात्री तिने जेवताना मीठ मागितलं, तेही भिंतीकडे बघून. रविवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा आपण होऊन बापापाशी आली.

"बाबा, तुमचं दुकान सोमवारी किती वाजता उघडतं?"

"नऊला. का गं?" औषधवाले विरघळलेच. "तुझ्याबरोबर यादी बघायला येऊ ना? दुकान बंद ठेवतो!"

"नको," भिंगरी म्हणाली. "अकरा वाजता तुम्ही दुकानातच आहात ना, एवढं बघायला शिंपीआजोबांना सांगितलंय."

यादी अजून लागलेली नाही.