वेणीचा मंजूर नमुना

सप्टेंबर १९६५ मध्ये, सीमेवर लढाई सुरू असताना आणि जबलपुरातले संध्याकाळचे दिवे सरकारी आदेशाने बंद असताना, आमच्या फॅक्टरीच्या वसाहतीत पुलियाजवळ, म्हणजे नालीवरच्या छोट्या पुलाजवळ, कु. सुनेत्रा हिची वेणी ओढण्यात आली. कु. सुनेत्रा ही फॅक्टरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. लढाईमुळे पाळी लांबलेली, म्हणून ती अंधार पडल्यावर घरी येई. वेणी ओढणारा इसम अज्ञात होता. त्याचे नाव मोहन. तो आमच्या वसाहत मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब यांचा सख्खा पुतण्या असून रोज सायंकाळी त्याच पुलियावर शीळ घालत बसतो, हे लहानथोर सर्वांना ठाऊक होते. पण अध्यक्षांचा पुतण्या म्हटल्यावर त्याचे अज्ञात असणे ओघानेच आले.

मी या मंडळाचा चिटणीस. पेशाने फॅक्टरीत इन्स्पेक्टर. माझ्या शिक्क्याशिवाय आमच्या सेक्शनमधून साधा खिळा बाहेर पडत नाही. लोक मला पाठीमागे खडूस म्हणतात. म्हणोत बापडे! शिस्त म्हटली की ज्यांच्या पोटात दुखते, त्यांच्या तोंडी कोण लागणार?

दुसऱ्याच दिवशी सुनेत्रा वडिलांना घेऊन माझ्याकडे आली.

"काका, तो रोजच त्रास देऊन राहिला," ती म्हणाली. "आधी नुसत्या शिट्ट्या मारे, मग गाणी म्हणे. आता अंगाला हात लावून राहिला. तुम्ही कोणी त्याला एकदा दटावा न."

"कोणाला?"

"मोहनला. अजून कोणाला?"

"नाव घेऊ नकोस," मी म्हणालो. "चौकशी व्हायची आहे."

तिचे वडील विष्णुपंत हे हिशेब खात्यात आहेत. अतिशय सज्जन गृहस्थ. खुर्चीवर बसायचे तरी आधी खुर्चीची परवानगी घेतील. ते म्हणाले, "काही तरी करा साहेब. हे थांबलं नाही तर मला हिची नोकरी सोडवावी लागेल. पाटणचं स्थळ सांगून आलंच आहे. धान्याची आडत आहे त्यांची."

"मला नाही सोडायची नोकरी!" सुनेत्रा एकदम कडाडली. "घरी सगळ्यांशी भांडून मिळवली मी ती. त्या हलकटाच्या पायी मी काहून घरी बसू?"

पोरीचा आवाज जरा जास्तच मोठा होता. टेलिफोनवर बोलून बोलून तसे होत असावे. मी तिला धीर दिला की प्रकरण मंडळापुढे ठेवतो. तिला ते खरे वाटले आणि ती हसली. फार दिवसांनी हसली असावी, कारण विष्णुपंत तिच्याकडे बघतच राहिले.

मंडळाची सभा झाली. भय्यासाहेबांचे घराणे भोसल्यांच्या चाकरीपासून जबलपुरात आहे, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन असते. ते म्हणाले, "त्या वयात पोरं थोडी मस्ती करतातच. चलो, छोडो. आपण मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या मुलींना स्वसंरक्षण येत नाही, हा मूळ प्रश्न आहे."

सभेला हे एकदम पटले. वेणी ओढणाऱ्याला आवरणे म्हणजे एकाच माणसाचे काम झाले असते. शिकवणे हे सर्वांचे काम होते. तिथल्या तिथे स्वसंरक्षण व व्यक्तिमत्त्वविकास समिती स्थापन झाली. व्यक्तिमत्त्वविकास हा शब्द मी सुचवला. नुसते स्वसंरक्षण म्हटले तर कोणी कोणाला मारतो आहे की काय, असा गैरसमज झाला असता.

आता कोणती विद्या शिकवायची? मंडळाचे जुने सभासद अण्णा म्हणाले, लाठी आणि दांडपट्टा. बाकी सगळे थेर. श्रीरंग कधीकाळी पलटणीच्या मैदानावर मुष्टियुद्ध बघायला जात असे. तो म्हणाला, बॉक्सिंग. नीलकंठने टपालाने ज्युदोचे सचित्र पुस्तक मागवले होते. तो म्हणाला, ज्युदोत शत्रूचीच ताकद शत्रूवर उलटते, आपल्याला काही करावे लागत नाही. काही करावे लागत नाही हे ऐकून सभेचा कल ज्युदोकडे झुकला. पण अण्णा रुसले, म्हणून सर्वच विद्या शिकवाव्यात असे ठरले. लाठ्यांसाठी कुंडमच्या जंगलातून बांबू मागवले.

इथवर सर्व सुरळीत होते. तेवढ्यात माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला.

"मंजूर नमुना कुठे आहे?" मी विचारले.

फॅक्टरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की कोणतीही वस्तू बनवण्यापूर्वी तिचा एक नमुना मंजूर होतो. त्याला लाखेचे सील लागते, तो कपाटात राहतो, आणि पुढचा प्रत्येक नग त्याच्याशी ताडून बघतात. जुळला तर पास, नाही जुळला तर लाल रंग. मग हल्ल्याचा नमुना मंजूर नसताना त्यावरचा बचाव कशाच्या आधारे पास करायचा? माझा मुद्दा बिनतोड होता. आणि हल्ल्याचा नमुना ज्याने हल्ला केला त्याच्याखेरीज कोण देणार?

अशा रीतीने मोहनला सन्मानाने पाचारण करण्यात आले. त्याच्या नावापुढचा अज्ञात हा शेरा काढून मानद आक्रमक असा शेरा लिहिला. सुनेत्राने आपली वेणी प्रात्यक्षिकासाठी द्यायला साफ नकार दिला. सहकार्याची वृत्तीच नाही हो आजकालच्या मुलींत! शेवटी सुंभाची वेणी वळून ती हॉलच्या खांबाला टांगली. मोहनने ती तीनतीनदा ओढून दाखवली. टेस्ट रूममधल्या ताणकाट्याने आम्ही ओढ मोजली, कोन मोजला, आणि वेणीला सील ठोकून कपाटात ठेवली. मोहनला चहा दिला.

घरी आल्यावर आमच्या हिने, विनताने, ताट वाढता वाढता विचारले, "काय ठरलं मोहनचं?"

"त्याचा नमुना पास झाला."

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "बाप्पा! अहो, त्या मेल्याच्या दोन थोबाडात द्यायच्या सोडून तुम्ही त्याला चहा पाजून राहिले?"

"तुला तांत्रिक बाबी कळायच्या नाहीत," मी म्हणालो. त्यानंतर आमटीत मीठ नव्हते. मी वाद वाढवला नाही.

वर्ग सुरू झाले. पहिल्याच दिवशी एक नाजूक अडचण उभी राहिली. दांडपट्टा काय, ज्युदो काय, हात धरल्याशिवाय शिकवता येत नाही. आणि परपुरुषाने परस्त्रीला धरणे हे तर आमच्या संस्कृतीत बसत नाही. त्यासाठीच तर समिती नेमली होती! तेव्हा महिलांना या विद्या तोंडी शिकवाव्यात असा निर्णय झाला. महिला सतरंजीवर बसत. समोर पुरुष एकमेकांना धरत, पाडत, कण्हत, आणि नीलकंठ पुस्तकातून वाचून दाखवी. महिलांनी फक्त नमस्कार आणि श्वास हे दोन भाग प्रत्यक्ष करायचे.

"नीलूदादा, मला फक्त आडवं पाडायला शिकवा न," सुनेत्रा रोज म्हणे. "बाकी विकास मी माझा करून घेईन."

"आधी वाकून नमस्कार," नीलकंठ म्हणे. "शत्रूविषयी आदर हा पाया आहे."

आणि दर संध्याकाळी पाळी संपली की वर्गाला येताना तिला त्याच पुलियावरून यावे लागे. मानद आक्रमक तिथे बसलेला असेच. आता तो गाणी म्हणत नसे. "नमस्कार पक्का झाला का दीदी?" असे विचारत असे. व्यक्तिमत्त्व विकसित होत होते.

पुढे लढाई थांबली, दिवे लागले; आमचे वर्ग थांबले नाहीत. ओव्हरटाइम सुरूच होता आणि पुरुष मंडळींना विद्येची गोडी लागली होती. ज्युदोत पट्टे असतात हे कळल्यावर तर वसाहतीत चैतन्य पसरले. पट्टे शिवायचे काम महिलांकडे दिले, कारण त्यांना नमस्कारानंतर वेळच वेळ होता. पिवळे पट्टे हळदीत रंगवले. वाटप करताना मात्र तंटा झाला. नीलकंठचे म्हणणे, कौशल्य बघा. म्हणजे उद्या फोरमनच्या कमरेला पांढरा आणि फिटरच्या कमरेला काळा! शिस्त राहील का? शेवटी सेवाज्येष्ठतेनुसार वाटप झाले. भय्यासाहेबांना संधिवातामुळे वाकता येत नसे, तरी त्यांना काळा पट्टा मिळाला. तो त्यांना दुसऱ्याने बांधून द्यावा लागे. चिटणीस म्हणून मलाही तपकिरी मिळाला. मोहनला मात्र त्याच्या अखंड सरावाबद्दल निळा पट्टा आणि सराफ्यातून घडवून आणलेला चांदीचा बिल्ला देण्यात आला. पुरुषांच्या टाळ्या बराच वेळ चालल्या. महिलांच्या हातात सुया होत्या.

मग ती जानेवारीतली संध्याकाळ आली. वर्ग संपवून आम्ही सर्व पट्टाधारक पुलियाशी गप्पा मारत उभे होतो. त्या दिवशी पाळी आणखी लांबून सुनेत्राचा वर्ग हुकला होता; ती आता घरी येत होती. मोहन पुढे झाला आणि त्याने तिचे मनगट धरले. उगाच नाही सांगत, सर्वांनी स्वच्छ पाहिले. दिवा डोक्यावरच होता.

"सोड," ती म्हणाली.

त्याने सोडले नाही. तिने आमच्याकडे पाहिले. "काका! सोडवा न! काय बघून राहिले सगळे?"

आम्ही बघत होतो हे खरे. पण समजून उमजून बघत होतो. नीलकंठ हळूच म्हणाला, "वेणी नाही धरली त्यानं. मनगट आहे."

"मनगटाचा नमुना मंजूर नाही," मी म्हणालो.

"मग बचाव कोणत्या भागात येईल?" श्रीरंगने विचारले. अण्णा म्हणाले लाठीच्या. नीलकंठ म्हणाला ज्युदोच्या. भय्यासाहेब पट्टा सावरत आकाशाकडे बघत होते. चर्चा रंगात आली असतानाच ठण् असा आवाज झाला. सुनेत्राने मोकळ्या हातातला पितळी जेवणाचा डबा मोहनच्या नाकावर हाणला होता. मोहन नालीत बसला. बिल्ला चिखलात गेला.

ती रडत नव्हती. आमच्या ओळीकडे एकेक चेहरा करत तिने पाहिले आणि ती निघून गेली. मला सांगायला हरकत नाही, मला फार राग आला. चार विद्या, इतके पट्टे, आणि पोरीने वापरला काय तर डबा!

तातडीची सभा भरली. मोहन नाकाला पट्टी बांधून पहिल्या रांगेत बसला होता. सुनेत्रा दाराशी उभी होती. मी वस्तुस्थिती मांडली: डबा हे मंजूर शस्त्र नाही, नाक हा मंजूर भाग नाही, तिने आधी वाकून नमस्कारही केला नाही.

"मी बोलू का?" सुनेत्राने विचारले आणि परवानगीची वाट न बघता बोलली. "तुम्ही सगळे महिनोन्महिने शिकले. तुमच्यातल्या एकानं त्याला नुसतं 'चल, घरी जा' म्हटलं असतं, तर मला डबा उचलावा लागला नसता. तुम्ही त्याला घाबरत नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही भय्यासाहेबांना घाबरता. आणि माझी लाज तुम्हाला स्वस्त वाटते."

विष्णुपंत मान खाली घालून बसले होते. इतिवृत्तात मी लिहिले: सभेस उपस्थित मुलीने समितीच्या कार्याचा उल्लेख केला.

त्यानंतर ठराव मांडला. वसाहतीतील मुलींनी तरुणांच्या सुरक्षिततेचा विचार करून अंधार पडेपर्यंतची नोकरी करू नये; कु. सुनेत्रा हिने राजीनामा द्यावा. आणि रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी व्यक्तिमत्त्व विकसित झालेल्या मोहनची शिफारस करावी. मी हात वर करायला सांगितले. बाजूने भय्यासाहेबांचा, माझा आणि मोहनचा असे तीन हात वर झाले. विरोधात दोन: महिलांच्या बाकावरून आमच्या हिचा आणि दारातून सुनेत्राचा. महिला सभासद नसल्याने ते मोजता आले नाहीत. विष्णुपंतांचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला होता. त्यांनी त्याच हाताने चष्मा पुसला.

बाकीचे सभागृह गप्प होते. म्हणजे तसे सगळे हळहळत होते. "पोरीवर अन्याय होतोय बरं का," असे शेजाऱ्याच्या कानात म्हणत होते. आमच्या मंडळाचा जुना प्रघात आहे की जो हरकत घेत नाही त्याचे मत ठरावाच्या बाजूने धरायचे. त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. राजीनामा विष्णुपंतांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिला, सुनेत्राने सही केली, आणि फाल्गुनात ती पाटणला गेली.

आता आपण. आपण अगदी पहिल्या ओळीपासून हजर आहात. मधूनमधून हसलात, तेही मी पाहिले. एकदाही उठून हरकत घेतली नाहीत. तेव्हा आपलेही मत बाजूने धरले आहे. अनुमोदक म्हणून कोणाचे नाव घालावे हा प्रश्न होता, तो सुटला. नाव तेवढे नीट सांगा, शुद्धलेखनाची चूक मला खपत नाही.