अमृतरावांनी बसवलेला एसी

"मशीन म्हंजे शेवटी काय असतं? पाईप, नट आन् वायसर!"

अमृतराव हे वाक्य बोलले तेव्हा त्यांच्या पायाशी एसीची दोन मोठी खोकी होती आणि हातात पाना होता. रुख्मिणीबाईंनी आधी पान्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मुकाट्यानं बैठकीतली काचेची भांडी उचलून आत नेली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. बाईला अनुभव होता.

अमृतरावांचाही तसा दोष नव्हता. कुरुंद्यात हळद शिजवायचा त्यांचा बॉयलर प्रसिद्ध होता. हंगामात पंचक्रोशीतली हळद त्यांच्या वाफेवर शिजायची, आणि त्या बॉयलरला एवढ्या वर्षांत बाहेरच्या मेकॅनिकचा हात लागला नव्हता. पाईप फुटला, अमृतराव. नट गळाला, अमृतराव. ज्या माणसानं जन्मभर वाफ कोंडून दाखवली, त्याला गार हवा काय अवघड?

आता हा एसी आला कसा, तेही सांगायला पाहिजे. अमृतरावांची एकुलती एक लेक सृष्टी पुण्याला दिलेली. तिला आठवा महिना लागलेला, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असं ठरलेलं. पण जावईबापूंनी फोनवर हळूच सुचवलं, "बाबा, मे महिन्यात तुमच्याकडं फार तापतं. तिला झेपेल का? इथंच करू या का?"

झालं! अमृतरावांच्या मिशा थरथरल्या. "तापतं? अहो, खोलीत एसी लावून राहिलो मी! तिच्या पिशवीत शाल टाका!"

दुसऱ्याच दिवशी वसमतहून एसी आला. तोही साधासुधा नाही, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारा. लेकराला थंडीतही उपयोग व्हावा म्हणून. सगळं जुळलं होतं. फक्त तो बसवणारा मुजाहिद फोनवर म्हणाला, "काका, अर्धं वसमत माझी वाट पाहून राहिलंय. मी शुक्रवारी येतो. तवर खोकी खोलू नका, बरं का!"

आणि सृष्टी येणार होती गुरुवारी.

म्हणून बुधवारी सकाळी आठ वाजता अमृतरावांनी खोकी खोलली.

"अहो, एक दिवसानं काय बिघडतं?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "एक दिवस कूलरवर काढंल पोरगी."

"आन् जावई काय म्हणतील? सासरा नुसत्या गप्पा हाणून राहिला म्हणून?"

मदतीला शेजारचा भागवत आला. दोन्ही घरांची एक भिंत सामाईक, आणि भागवतचा स्वभाव असा, की अमृतराव जे म्हणतील त्याला "बराबर" म्हणायचं. असा माणूस कामाला फार बरा असतो. निदान काम बिघडेपर्यंत तरी.

अमृतरावांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दोनदा पाहिला होता. खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी हात केला. "डाव्या हाताची भिंत. पल्याड आपलं अंगण. भोक पाडायचं, पाईप बाहेर काढायचा, खेळ खलास!"

"बराबर," भागवत म्हणाला.

मग अमृतराव खोलीत शिरले, स्टूल मांडलं, त्यावर चढले, तोल जाऊ नये म्हणून दाराकडे तोंड करून वळले, आणि डाव्या हाताच्या भिंतीला त्यांनी ड्रिल लावलं. माणूस वळला की त्याची डावी बाजूही वळते, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही.

घर्रर्रर्र! विटांचा लाल भुगा उडायला लागला. अमृतराव विठोबाच्या देवळातल्या मृदंगवाल्यासारखे मान हलवत होते. मग एकदम भिंत मऊ लागली. त्यांनी ड्रिल बाहेर ओढलं. टोक पांढरंशुभ्र!

"बघ भागवत! आत चुना निघाला! जुन्या लोकांचं काम बघ कसं पक्कं हाय ते!"

भागवतनं तो चुना बोटावर घेतला. वास घेतला. त्याचा चेहरा जरा विचारात पडला.

"अमृतराव, हा चुना जवारीचा हाय."

तेवढ्यात दारात भागवतची बायको मंजुळाबाई उभी राहिली. डोक्यापासून पदरापर्यंत पांढरी! नुसते डोळे तेवढे काळे दिसत होते, आणि त्यांच्यात जाळ होता.

"भावजी, आमच्या पिठाच्या डब्यात काय हुडकून राहिले तुमी?"

झालं असं, की ती फळीवरचा डबा काढायला गेली, तर भिंतीतून एक लोखंडी बोट गरगर फिरत बाहेर आलं, डब्यात घुसलं, आणि डब्यानं तिच्या तोंडावर पिचकारी सोडली. तिला आधी वाटलं साप आहे. मग वाटलं भूकंप झाला. मग पलीकडून "जुन्या लोकांचं काम" ऐकू आलं, तेव्हा तिला सगळा उलगडा झाला.

रुख्मिणीबाईंनी आपल्या घरचं डबाभर पीठ तिला दिलं, हात जोडले, चहा पाजला. भागवत मात्र बायकोच्या नजरेला नजर न देता एसीच्या खोक्यावरचा मजकूर वाचत राहिला. तो मजकूर चिनी भाषेत होता.

दुसरं भोक बराबर अंगणात निघालं. ते पाडण्याआधी अमृतराव स्वतः तीनदा बाहेर जाऊन भिंतीला थाप मारून आले. दुपारी तीनपर्यंत आतला डबा भिंतीवर चढला, बाहेरचा डबा अंगणात लोखंडी स्टँडवर बसला आणि तांब्याचे पाईप जोडले गेले. सरळ सांगायचं तर हे काम त्यांनी चांगलं केलं. नट असे आवळले, की पाईपच्या डोळ्यांत पाणी यावं! बाहेरच्या डब्यात गॅस भरूनच आलेला होता. व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे त्यांनी त्याचा व्हॉल्व उघडला. आता उरलं फक्त बटण.

एवढ्यात ही बातमी गल्लीभर झाली होती. पांढरी मंजुळाबाई रस्त्यातून घरी गेली, याहून मोठी दवंडी कोणती? पेमा आला, हा पेमा म्हणजे बॉयलरवर हळद भरणारा अमृतरावांच्या बरोबरीचा गडी. मंजुळाबाईही आली, अंघोळ करून. पीठ गेलंच आहे, तर निदान गारवा तरी बघू!

"दारं-खिडक्या लावा! फटीत कापड कोंबा!" अमृतरावांनी हुकूम सोडला. "थंडी वाया जाता कामा न्हाई!"

पाच माणसं त्या दहा बाय दहाच्या खोलीत कोंडली गेली. बाहेर त्रेचाळीस डिग्री. पंखा बंद, कारण एसीत पंखा लावणं म्हणजे एसीचा अपमान! अमृतरावांनी रिमोट हातात घेतला. त्यावर चार चित्रं होती. एक पंखा, एक थेंब, एक बर्फाची चांदणी आणि एक सूर्य.

"आता अक्कल चालवा," ते म्हणाले. "बर्फ कवाचा? हिवाळ्याचा. थेंब पावसाळ्याचा. सूर्य उन्हाळ्याचा. आता कोणता महिना चालू हाय?"

"मे," भागवत म्हणाला.

"मग?"

"बराबर!"

अमृतरावांनी सूर्य दाबला. टिंग! आतल्या डब्याची झडप उघडली. सगळ्यांनी माना वर केल्या, डोळे मिटले.

काहीच झालं नाही.

"तापायला... म्हंजे गार व्हायला टाईम लागतो," अमृतराव म्हणाले. "बॉयलरला बी अर्धा तास लागतो."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पेमाच्या कपाळावरून धारा लागल्या. मंजुळाबाईचं नुकतंच धुतलेलं पातळ पाठीला चिकटलं. शेवटी भागवतच्यानं राहवलं नाही. भिडस्त माणूस!

"जरा जरा गार लागून राहिलं," तो म्हणाला.

"कुठं?" मंजुळाबाई म्हणाली.

"हितं. गुडघ्यापाशी."

सगळ्यांनी आपापल्या गुडघ्यापाशी हात नेले. पेमानंही उगीच होकार दिला. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा मंजुळाबाई उठली आणि तिनं खिडकी धाडकन उघडली. बाहेरची रणरणती झळ आत आली, आणि काय सांगू, ती झळ सगळ्यांना महाबळेश्वरसारखी वाटली!

"सकाळी पिठात घातलं, आता वाफंवर घातलं!" ती म्हणाली. "भावजी, माझं काय मुटकुळं करून राहिले का तुमी?"

खिडकीबाहेर जमलेली गल्ली हसली. अमृतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण बॉयलरवाला माणूस असा हरत नसतो. त्यांनी क्षणभर विचार केला आणि चुटकी वाजवली. "पाईपात हवा अडकली! वाफेचं बी आसंच व्हतं. व्हॉल्व जरा ढिला करून हवा सोडून देली की लाईन चालू!"

रुख्मिणीबाई अंगणात आडव्या आल्या. "अहो, मुजाहिदला इचारा तरी!"

"त्याला काय इचारायचं? त्याच्या जन्माच्या आधीपासून मी व्हॉल्व सोडून राहिलोय!"

त्यांनी बाहेरच्या डब्यावरचा नट ढिला केला. फिस्स्स्! पाईपमधून पांढरं धुकं निघालं, आणि बघता बघता नटावर बर्फाची साय धरली. भर मे महिन्यात, कुरुंद्याच्या अंगणात, बर्फ!

"आली! आली!" अमृतराव नाचायला लागले. "थंडी हितपर्यंत येऊन थांबली व्हती! आता जाती बघा आत!" आणि त्यांनी नट पुरता फिरवला.

फुस्स्स्स्! धुक्याचा लोट उठला. अमृतरावांची दोन बोटं बधिर झाली, पेमा दोन पावलं मागं सरकला, भागवत "बराबर" म्हणता म्हणता थांबला. मग आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि थांबला. नटावरचा बर्फ वितळला. दोन थेंब मातीवर पडले.



"गेली काय आत?" पेमानं विचारलं.

गर्दी हळूहळू पांगली. अमृतराव बाजेवर बसले, पांढरी पडलेली बोटं लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून. त्यांचा मघाचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "रुख्मिणे," ते म्हणाले, "पोरीला उद्या काय सांगू? जावई तिला परत घेऊन गेले तर?"

हे ऐकून मात्र बाईचं मन गलबललं. ती जवळ बसली. "सकाळी तुमी पाना घेतला ना हातात," ती म्हणाली, "तव्हाच मी मुजाहिदला फोन केला. उद्या सातला येतो म्हणला."

गुरुवारी पहाटेपासून अमृतरावांनी दर वेळी एकेक आकडा दाबून मुजाहिदला फोन लावायला सुरुवात केली. निघाला का? कुठवर आला? रस्त्यात चहाला तर थांबला नाही ना? शेवटी मुजाहिदनं गाडी कडेला घेऊन सांगितलं, "काका, फोन उचलायला थांबलो न्हाई तर लवकर पोचंन!"

तो आला. डबा पाहिला, पाईप पाहिले, नट पाहिले. मग रिमोट हातात घेतला आणि त्यावरचा सूर्य बघून कपाळाला हात लावला.

"काका, काल बटण दाबल्यावर मशीन चालूच झाली न्हाई ना?"

"न्हाई. बिघडलेलीच आली बघ."

"ठणठणीत व्हती! सूर्य म्हंजे खोली गरम करा. मशीननं पाहिलं, खोली आधीच भट्टी हाय. ती म्हणली, आता मी अजून काय गरम करू? म्हणून गप बसली बिचारी! बर्फाचं बटण दाबलं असतं तर दोन मिनटात गार झालं असतं."

"म्हंजे... गॅस सोडायची गरज..."

"काहीच नव्हती."

अमृतरावांनी भिंतीचा आधार घेतला. रुख्मिणीबाईंनी पदर तोंडात धरला, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

मुजाहिदनं पंप लावून पाईपमधली हवा ओढून घेतली, मग नवा गॅस भरायला घेतला. नळकांडं वजनकाट्यावर, नजर काट्यावर, आणि तोंड बंद. अमृतराव शेजारी उकिडवे बसले आणि पहिल्यांदाच काही न बोलता बघत राहिले. काम संपत आलं तोच दारात गाडी थांबली.

सृष्टी उतरली, घामानं डबडबलेली. मागून जावईबापू. त्यांनी अंगणातला पसारा पाहिला, मुजाहिदला पाहिलं, सासऱ्यांच्या बोटांवरची चिंधी पाहिली.

"अजून काम चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

अमृतराव खाली वाकून उगीच खोक्याचे पुठ्ठे गोळा करायला लागले. मुजाहिदनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "झालं की! बसवला काकांनीच, दाजी. नट तर आसे आवळले, की आमाला बी जमत न्हाई. मी फकस्त गॅस बघाय आलतो."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. त्यानं बर्फाचं बटण दाबलं, आणि खरंच दोन मिनिटांत खोलीत गारवा उतरला. सृष्टी पलंगावर टेकली, डोळे मिटले, "बाबा, किती छान!" म्हणाली, आणि बोलता बोलता झोपली. अमृतरावांनी तिच्या पायावर चादर ओढली आणि चोरपावलांनी बाहेर आले. डोळे जरा ओले होते. तेवढं चालायचंच.

चहा पिताना जावईबापू भलतेच खूश दिसत होते. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बाबा, तुम्हाला एवढं येतं हे माहीतच नव्हतं! आमच्या पुण्याच्या घरी एसीचं पाणी आत गळतंय. पुढच्या वेळी आलात की जरा खोलून बघाल का?"

भागवत नेमका तेव्हाच कुंपणापलीकडून डोकावला होता. त्याचं "बराबर" ओठांवर आलेलं पाहून मंजुळाबाईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

अमृतरावांनी कप खाली ठेवला. खाकरले. चिंधी बांधलेला हात हळूच मागं नेला.

"त्याचं काय हाय जावईबापू," ते म्हणाले, "मुजाहिदचा नंबर लिहून घ्या."

आणि मोबाईल खिशातून न काढताच त्यांनी दहाच्या दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले.